पेशींची परांची

घर बांधताना गवंडी आधी परांची उभी करतो आणि घर उभे राहिले की ती उतरवतो. परांची घराचा भाग नसते, पण तिच्यावाचून घर उभे राहत नाही. गेल्या अर्धशतकात वैद्यकाने हीच कल्पना मानवी देहाच्या बाबतीत योजून पाहिली. कृत्रिम धाग्यांची किंवा प्रथिनांची सच्छिद्र परांची करावी, तिच्यावर जिवंत पेशी पेराव्यात, त्या वाढून आपापली ऊती विणू लागल्या की परांची हळूहळू विरघळून जावी आणि मागे उरावी ती केवळ देहाची स्वतःची ऊती, अशी ही योजना. तिला पुढे ऊती-अभियांत्रिकी हे नाव मिळाले. तिच्या आरंभीच्या इतिहासाचा फार मोठा भाग अमेरिकेतील बॉस्टन आणि नदीपलीकडील केंब्रिज या जोडशहरांत घडला.

वृत्तपत्रांनी हा इतिहास बहुधा चमत्कारांची मालिका म्हणून सांगितला आहे. प्रस्तुत लेखकास तो मुख्यतः रक्ताचा इतिहास वाटतो. नव्या ऊतीला रक्त कोठून मिळणार, या एका प्रश्नाला जेथे उत्तर होते तेथे ही विद्या उपयोगी पडली. जेथे उत्तर नव्हते आणि तरीही ते असल्याचा आव आणला गेला, तेथे माणसे दगावली.

शरीराबाहेर पेशी जगवता येतात, हे प्रथम रॉस हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवले. १९०७ मध्ये त्याने बेडकाच्या भ्रूणातील ऊतीचा तुकडा लसिकेच्या लोंबत्या थेंबात ठेवला आणि त्यातून मज्जातंतू वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याच्यानंतर आला अलेक्सिस कॅरेल. रक्तवाहिन्या सुईदोऱ्याने सांधण्याच्या कौशल्याबद्दल १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारा हा फ्रेंच शल्यवैद्य न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करी. त्याच वर्षी त्याने कोंबडीच्या भ्रूणहृदयाचा एक तुकडा काचपात्रात वाढवण्यास प्रारंभ केला. तो तुकडा अमर असल्याची वार्ता जगभर गेली. कॅरेल १९४४ मध्ये वारला. त्या पेशी १९४६ पर्यंत पोसल्या जात होत्या. पुढे १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी दाखवले, की माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा विभागून थांबतात. मग कॅरेलच्या पेशी चौतीस वर्षे कशा जगल्या? त्यांना अन्न म्हणून जो भ्रूणरस घातला जाई, त्यातून ताज्या पेशीच आत जात असाव्यात, असा संशय पुढे व्यक्त झाला. बातमी आधी आणि तपासणी मागाहून, ही या विद्येची खोड अशी जन्मापासूनची आहे.

खरे काम सुरू झाले ते भाजलेल्या माणसांच्या निमित्ताने. निम्म्याहून अधिक अंग भाजलेल्या रुग्णाला त्याचीच कातडी काढून लावावी, तर काढायला कातडी उरलेली नसते. उघड्या जखमेतून शरीरातील पाणी झिरपत राहते, जंतू आत शिरतात आणि रुग्ण काही दिवसांत जातो. बॉस्टनचे शल्यवैद्य जॉन बर्क यांनी ही अडचण १९६९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील आयोआनिस यान्नास यांच्यापुढे मांडली. यान्नास वैद्य नव्हते; ते बहुवारिकांचे, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचे, अभ्यासक होते. जखमेवर काही काळ टिकेल असे आवरण करून द्यावे, एवढीच मूळ मागणी होती. गाईच्या कातड्यातील कोलॅजेन आणि शार्क माशाच्या कूर्चेतील एक शर्करायुक्त द्रव्य यांचा स्पंज करून त्यावर सिलिकोनचा पातळ पापुद्रा चढवायचा, असे आवरण त्यांनी सिद्ध केले. जखमेवर ते बसवल्यावर अनपेक्षित गोष्ट घडली. खालच्या निरोगी थरातून रुग्णाच्याच पेशी आणि केशवाहिन्या स्पंजाच्या छिद्रांत चढून आल्या, स्पंज विरत गेला आणि त्याच्या जागी त्वचेच्या आतल्या थराशी मिळतीजुळती ऊती तयार झाली. व्रणाने कातडी आवळून आखडावी, तशी ती आखडली नाही. तीनेक आठवड्यांनी सिलिकोनचा पापुद्रा सोलून त्यावर रुग्णाच्या कातडीचा अगदी विरळ काप लावला की काम होई. दहा रुग्णांवरील हा अनुभव १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या आवरणाला मान्यता दिली. येथे परांचीवर पेशी पेरलेल्याही नव्हत्या. त्या शरीराने स्वतः पाठवल्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

त्याच संस्थेत हॉवर्ड ग्रीन दुसऱ्या टोकाकडून येत होते. उंदरातील एका विशिष्ट गाठीच्या पेशी वाढवत असताना त्यांना त्यात त्वचेच्या बाह्य थराच्या पेशी दिसल्या. तो धागा पकडून १९७५ मध्ये जेम्स राइनवाल्ड या विद्यार्थ्यासह त्यांनी मानवी त्वचेच्या पेशी बशीत वाढवण्याची रीत शोधली. तळाशी किरणोत्साराने वाढ खुंटवलेल्या उंदराच्या पेशींचा थर अंथरायचा, आणि त्या दायांच्या आधाराने माणसाच्या पेशी वाढवायच्या. टपाल-तिकिटाएवढ्या कातडीपासून तीन-चार आठवड्यांत संपूर्ण देह झाकेल इतके पापुद्रे त्यांना करता येऊ लागले. १९८३ मध्ये वायोमिंग राज्यातील पाच आणि सहा वर्षांचे दोघे भाऊ, पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाजलेल्या अवस्थेत, बॉस्टनला आणले गेले. त्यांच्या काखेतील थोड्याशा शाबूत कातडीपासून वाढवलेल्या पापुद्र्यांनी त्यांचे सुमारे निम्मे अंग झाकले गेले. दोघेही वाचले. ग्रीन यांचा पापुद्रा नाजूक असे, कारण त्याला खालचा थर नसे. बर्क-यान्नास यांच्याकडे खालचा थर होता, पण वरचा नव्हता. याच सुमारास यूजीन बेल यांनी कोलॅजेनच्या जाळीत पेशी मिसळून दोन्ही थरांची कातडी घडवली. तिच्यातून निघालेल्या उत्पादनाला पायाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

त्वचा ही पातळ, आणि खाली रक्ताचा भरलेला बिछाना. म्हणून हे साधले. जाड अवयवाचे काय?

या प्रश्नाची मुळे बॉस्टनच्या बालरुग्णालयात, ज्यूडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत सापडतात. कर्करोगाची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्या रोखल्या तर गाठ उपाशी मरेल, हे मत फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले, तेव्हा ते फारसे कुणाला पटले नव्हते. १९७४ मध्ये त्यांच्याकडे रॉबर्ट लँगर हा तरुण रासायनिक अभियंता आला. तेलकंपन्यांच्या भरघोस पगारांच्या नोकऱ्या नाकारून आलेल्या या माणसाला काम मिळाले ते कूर्चेतून रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे द्रव्य काढण्याचे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तेव्हा त्यांना अटकाव करणारे काहीतरी तिच्यात असले पाहिजे, असा तर्क. ते द्रव्य सावकाश सोडण्यासाठी लँगर यांनी बहुवारिकांच्या गोळ्या बनवल्या, आणि त्यातून औषधे संथपणे सोडण्याचे एक नवे शास्त्र उभे राहिले. त्याच प्रयोगशाळेत जोसेफ व्हॅकांटी या शल्यवैद्याशी त्यांची मैत्री झाली. पुढे ज्यांना रक्तवाहिन्या वाढवण्यासाठी आयुष्य वेचायचे होते, त्यांची भेट रक्तवाहिन्या रोखण्याच्या कामावर व्हावी, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

व्हॅकांटी लहान मुलांच्या यकृतरोपणाचे काम करीत. बॉस्टनमध्येच १९५४ मध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण केले होते; तंत्र साधले होते, अवयव मात्र मिळत नव्हते. तान्ह्या मुलाला यकृत मिळायचे म्हणजे दुसरे तान्हे मूल जावे लागे. वाट पाहता पाहता डोळ्यांदेखत मुले जात. व्हॅकांटी यांनी पेशींना कृत्रिम आधारावर वाढवून पाहिले. वरच्या पेशी जगत, आतल्या मरत. १९८६ च्या उन्हाळ्यात केप कॉडच्या किनाऱ्यावर पाण्यात डोलणारे समुद्रशैवाल पाहताना त्यांच्या मनात आले, की शैवालाला फांद्या फुटलेल्या असतात म्हणून त्याचा प्रत्येक भाग पाण्याला भिडतो. परांचीही ठोकळ्यासारखी न करता अशीच शाखायुक्त केली तर? त्यांनी लँगर यांना दूरध्वनी केला. साहित्य हाताशी होते. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून शल्यवैद्य शरीरात आपोआप विरघळणारे टाक्यांचे धागे वापरीत होते; ग्लायकोलिक आम्लापासून केलेला तो धागा पाण्याच्या संपर्काने तुटत जातो आणि शरीर त्याचे अवशेष पचवून टाकते. तसल्या धाग्यांचे विरळ जाळे म्हणजे तयार परांचीच. यकृत, आतडे व स्वादुपिंड यांच्या पेशी अशा बहुवारिकांवर पेरून प्राण्यांत बसवल्याचा त्यांचा निबंध १९८८ मध्ये आला, आणि मे १९९३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकातील त्यांच्या लेखाने या विद्येला जगापुढे रीतसर उभे केले.

शैवालाची कल्पना सुंदर होती, पण शैवाल समुद्रात असते. देहात प्राणवायू केशवाहिनीपासून फार तर एक-दोन दशांश मिलिमीटर झिरपतो, म्हणजे वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीइतका. त्यापलीकडची पेशी गुदमरते. परांचीत नव्या रक्तवाहिन्या शिरायला कित्येक दिवस लागतात, आणि यकृताची पेशी इतका वेळ थांबत नाही.

हा नियम शल्यवैद्यांना फार जुना ठाऊक आहे आणि त्याचा एक गाजलेला दाखला पुण्याचा आहे. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या बैलगाडीवानाची हकीकत छापली गेली. नाव पारशी वाटते, पण मासिकात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेच्या चाकरीत असताना तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मेणाचा पातळ पत्रा करून नाकाचा आकार घेतला, तो कपाळावर पसरून त्याबरहुकूम कातडी सोडवली आणि खाली वळवून जागेवर बसवली. मात्र दोन भुवयांमधला कातडीचा देठ त्याने कापला नाही. त्या देठातून रक्त येत राहिले, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवे नाक खालच्या ऊतीतून रक्त घेऊ लागल्यावर, तो देठ तोडला. जखमेवर लावायला कात होता. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे त्या हकीकतीत नमूद आहे. पेशवे दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणाऱ्या जेम्स वेल्स याने कावसजीचेही चित्र काढले. त्या वृत्तान्ताच्या आधाराने जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि तेथून ती युरोपभर गेली. चित्रकाराचे नाव राहिले, गाडीवानाचे राहिले. त्या कारागिराचे नाव मात्र लिहून ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही.

असो. पंचवीस दिवस देठ न कापण्याचा धीर, हे या सगळ्या विद्येचे मर्म आहे.

१९९७ मध्ये एका उंदराचे छायाचित्र जगभर पसरले. ते वाचकांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. केस नसलेल्या उंदराच्या पाठीवर माणसाचा कान उगवलेला दिसे. जोसेफ यांचे बंधू चार्ल्स व्हॅकांटी आणि त्यांचे सहकारी यांनी तीन वर्षांच्या मुलाच्या कानाच्या ठशावरून त्याच विरघळणाऱ्या धाग्याची परांची केली, तिच्यावर वासराच्या कूर्चापेशी पेरल्या आणि ती उंदराच्या पाठीच्या कातडीखाली बारा आठवडे ठेवली. त्या जातीच्या उंदराला परकी ऊती नाकारण्याची शक्ती जन्मतःच नसते. म्हणजे तो कान माणसाचाही नव्हता आणि ऐकणाराही नव्हता. जनुकांशीही त्याचा काही संबंध नव्हता. तरी १९९९ मध्ये जनुकीय फेरफारांच्या विरोधकांनी त्याच उंदराचे चित्र वृत्तपत्रातील जाहिरातीत वापरले. या प्रयोगात कूर्चाच का निवडली गेली, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या लागत नाहीत. ती थोडक्यावर जगते. जे कूर्चेत साधले ते उद्या यकृतात साधेल, असे त्या छायाचित्राने लोकांना न सांगताच पटवून दिले.

अँथनी अटाला यांच्या मूत्राशयांची कथा यापुढची. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषाने ज्यांचे मूत्राशय आकसून निकामी झाले होते अशा सात मुलामुलींना, त्यांच्याच पेशी परांचीवर वाढवून केलेले मूत्राशय जोडल्याचा त्यांचा निबंध २००६ मध्ये 'लान्सेट'मध्ये आला. त्यातील एक तपशील बोलका आहे. आतड्यांवर पसरलेला, रक्तवाहिन्यांनी भरलेला चरबीचा पदर ज्या मूत्राशयांभोवती गुंडाळला होता, त्यांचा निकाल अधिक चांगला लागला. पुण्याचा देठ तो हाच. वृत्तपत्रांनी मात्र प्रयोगशाळेत बनलेला पहिला अवयव म्हणून दवंडी पिटली. पुढे एका कंपनीने हीच रीत दहा मुलांवर तपासली. मूत्राशयाची धारणशक्ती सुधारली नाही आणि गंभीर उपद्रव मात्र स्वीकारार्ह मर्यादेपलीकडे झाले, असा त्या चाचणीचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाअखेर ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्या दवंडीच्या मानाने या दुसऱ्या वार्तेचा आवाज फारच क्षीण होता.

मूत्राशयाच्या बाबतीत निदान चाचणी रीतसर झाली आणि निकाल लपवला गेला नाही. श्वासनलिकेच्या बाबतीत तेवढेही घडले नाही, म्हणून त्या प्रकरणापाशी थोडे थांबणे भाग आहे.

पावलो मक्कियारिनी या इटालियन शल्यवैद्याने २००८ मध्ये बार्सिलोनात एका तरुण स्त्रीला, मृत दात्याच्या श्वासनलिकेतील पेशी धुऊन काढून त्या नळीवर तिच्याच पेशी पेरून, श्वासमार्गाचा एक भाग बसवला. त्या बळावर २०१० मध्ये त्याला स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत नेमले गेले. वैद्यकाचे नोबेल कोणाला द्यावे हे ठरवणारी मंडळी जेथील आहेत, तीच ही संस्था. जून २०११ मध्ये त्याने आणखी पुढची उडी घेतली. आता दात्याची नळीही नको; लंडनमध्ये घडवलेली प्लॅस्टिकची श्वासनलिका घ्यायची, तिच्यावर रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशी सुमारे दीड-दोन दिवस फिरत्या पात्रात पेरायच्या आणि ती छातीत बसवायची. त्या प्लॅस्टिकला रक्त कोठून मिळणार? देठ नव्हता, चरबीच्या पदराने नळीभर रक्तवाहिन्या उगवतील याला पुरावा नव्हता, आणि प्राण्यांवर याची पुरेशी चाचणी झालेली नव्हती. ती परांची विरघळणारीही नव्हती. श्वासनलिका दर श्वासागणिक बाहेरच्या हवेतले जंतू झेलते. आतून जिवंत अस्तर नसेल तर ती उघडी जखमच राहते. तरीही त्याच वर्षी 'लान्सेट'मध्ये यशाचा निबंध झळकला. तो पहिला रुग्ण जानेवारी २०१४ मध्ये वारला. स्वीडनमध्ये अशी नळी बसवलेले तिघेही, कुणी लवकर तर कुणी अनेक शस्त्रक्रियांचे हाल सोसून, मरण पावले. रशियात आणि अमेरिकेतही अशा शस्त्रक्रिया झाल्या. अमेरिकेतील रुग्ण दोन वर्षांची बालिका होती, तीही वाचली नाही.

रुग्णालयातील चौघा वैद्यांनी रुग्णांची कागदपत्रे निबंधांतील दाव्यांशी ताडून पाहिली आणि २०१४ मध्ये तक्रार केली. २०१५ मध्ये बाहेरच्या तपासनिसाने गैरवर्तन झाल्याचा निर्वाळा दिला; त्यानंतर कुलगुरूंनी मक्कियारिनीला निर्दोष ठरवले. जानेवारी २०१६ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीने त्यावर अनुबोधपट दाखवला, तेव्हा कोठे चक्रे फिरली. कुलगुरूंना पद सोडावे लागले आणि मार्चमध्ये मक्कियारिनीला काढून टाकण्यात आले. जून २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने तिन्ही रुग्णांच्या बाबतीत त्याला गंभीर शारीरिक इजेबद्दल दोषी ठरवून अडीच वर्षांची शिक्षा दिली. 'लान्सेट'ने २०११ चा निबंध २०१८ मध्ये आणि बार्सिलोनाचा निबंध २०२३ मध्ये मागे घेतला. एका माणसाला दोष देऊन हे प्रकरण मिटवणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. नियतकालिक, विद्यापीठ, रुग्णालय, वृत्तपत्रे या सर्वांनी त्या चित्रावर विश्वास ठेवला होता, कारण चार्ल्स व्हॅकांटींच्या उंदराने ते चित्र आधीच रंगवून ठेवले होते. रक्ताचा प्रश्न वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचला असता.

याच काळात, फारसा गाजावाजा न होता, या विद्येचा मूळ सिद्धान्तच पालटत होता. टोकियोत तोशिहारू शिनोका यांनी जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांना विरघळणाऱ्या परांचीवर पेशी पेरून केलेल्या रक्तवाहिन्या बसवल्या. त्यांचा पहिला वृत्तान्त २००१ मध्ये आला आणि पुढे पंचवीस रुग्णांची मालिका झाली. मुले वाढली तशा त्या नळ्याही जिवंत रक्तवाहिन्यांसारख्या वागल्या. काहींत त्या अरुंद झाल्या, पण तो उपद्रव आटोक्यात आणता आला. येथे एक सोय होती, की परांची पातळ होती आणि तिच्यातून साक्षात रक्तच वाहत होते. पण पेरलेल्या पेशींचे पुढे काय होते? २०१० मध्ये येल विद्यापीठातील गटाने उंदरांवर ते तपासले तेव्हा दिसले, की पेरलेल्या पेशी काही दिवसांतच नाहीशा होतात. मरण्यापूर्वी त्या एक रासायनिक हाक देतात, त्या हाकेने रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि मग शेजारच्या वाहिनीतील पेशी परांचीवर पसरून नवी भिंत बांधतात. पेरलेले बी उगवतच नव्हते; ते केवळ कामकऱ्यांना आवतण देत होते. बर्क आणि यान्नास यांच्या स्पंजात १९८१ मध्ये जे दिसले होते, त्याचेच हे दुसरे रूप. अमेरिकेत हीच नळी वापरणारी चाचणी आरंभीच नळ्या अरुंद झाल्याने थांबवावी लागली. पुढे २०२० मध्ये मेंढ्यांवरील अभ्यासातून दिसले, की हे अरुंद होणे बहुधा मधल्या काळातले असते आणि काही महिन्यांत ते आपोआप ओसरते.

लॉरा निकलसन यांनी तर परांची आणि पेशी यांची अदलाबदलच केली. लँगर यांच्या सहकार्याने १९९९ मध्ये त्यांनी डुकराच्या धमनीच्या पेशी विरघळणाऱ्या नळीवर पेरून, हृदयाच्या ठोक्यांसारखी स्पंदने देणाऱ्या यंत्रात आठ आठवडे वाढवल्या आणि धडधाकट धमनी मिळवली. पण रुग्णाच्या पेशी घेऊन दोन महिने थांबायला जखमी माणसाकडे वेळ कोठे असतो? मग त्यांनी दात्याच्या पेशींकडून धमनी विणून घ्यायची, आणि ती विणून झाली की सगळ्या पेशी धुऊन टाकायच्या, अशी रीत काढली. उरते ती कोलॅजेनची नळी, कुणालाही चालणारी आणि कपाटात ठेवता येणारी. शरीरात बसवल्यावर रुग्णाच्या पेशी तिच्यात येऊन राहतात. पहिल्यांदा ती २०१२ मध्ये पोलंडमध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांना बसवली गेली, २०२२ पासून युक्रेनच्या युद्धातील जखमींसाठीही वापरली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये हातापायांच्या धमन्यांच्या इजांसाठी तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. मान्यतेबरोबर ठळक चौकटीत इशाराही आहे, की नळी फाटू शकते आणि सांधा निसटू शकतो. पेशी पेरलेल्या परांचीचे स्वप्न पाहणाऱ्या विद्येतून आलेली ही एक महत्त्वाची वस्तू, आणि रुग्णाच्या अंगात जाते तेव्हा तिच्यात एकही जिवंत पेशी नसते!

ग्रीन यांचा वारसा मात्र सरळ रेषेत चालत राहिला. २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे, जनुकीय दोषाने कातडी गळून पडत असलेल्या सात वर्षांच्या सीरियन मुलाला, इटलीतील मिकेले दे लुका यांच्या गटाने दोष दुरुस्त करून वाढवलेली त्वचा लावली. त्याच्या अंगाच्या सुमारे ऐंशी टक्के भागावर ती रुजली. २०१७ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता.

या विद्येचा एक फाटा आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या हैदराबादेतही आहे. डोळ्याच्या पारदर्शक पटलाला, कूर्चेप्रमाणेच, रक्तवाहिन्या नसतात. प्राणवायू ते मुख्यतः हवेतून घेते. त्याच्या कडेला, काळे आणि पांढरे जेथे भेटतात तेथे, त्याला आयुष्यभर नवा करणाऱ्या मूळपेशी राहतात. चुना किंवा आम्ल डोळ्यात गेले की त्या जळतात आणि पटलावर रक्तवाहिन्या चढून दृष्टी जाते. पानाच्या चुन्याची पुडी हाताळताना असे डोळे गमावलेली मुले आपल्याकडे कमी नाहीत. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून, रुग्णाच्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा कण घेऊन, प्रसूतीनंतर मिळणाऱ्या गर्भावरणाच्या पापुद्र्यावर प्रयोगशाळेत त्या पेशी वाढवून दुसऱ्या डोळ्यावर लावण्यास प्रारंभ झाला. येथे परांची हीच, आईच्या उदरातली. २०११ मध्ये दोनशे रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सुमारे एकाहत्तर टक्के शस्त्रक्रिया यशस्वी ठरल्या होत्या.

मग वीरेंदर सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळाच वगळली. पेशी वाढवण्याची खोली, तिचे निर्जंतुक हवेचे पंखे, तिचे परवाने हे सारे मोजक्याच शहरांना परवडणारे. त्यांनी चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा कण घेतला, त्याचे आठ-दहा तुकडे केले, जखमी डोळ्यावर गर्भावरणाचा पापुद्रा चिकटवून त्यावर ते तुकडे वर्तुळात मांडले आणि डोळा मिटून ठेवला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या सहा रुग्णांत सहा आठवड्यांच्या आत संपूर्ण पटल नव्या पेशींनी झाकले गेले होते. २०१६ च्या सव्वाशे रुग्णांच्या वृत्तान्तात शहात्तर टक्क्यांना यश आले. उरलेल्यांत पटलावर पुन्हा रक्तवाहिन्या चढल्या.

व्हॅकांटी ज्यासाठी समुद्रकिनाऱ्यावर विचारात पडले होते, ते यकृत अद्याप कुणाला परांचीवर वाढवता आलेले नाही. तान्ह्या मुलांसाठी आज बहुधा आई किंवा वडील आपल्या यकृताचा एक तुकडा देतात. तो जोडताना शल्यवैद्य पहिल्याप्रथम त्याच्या रक्तवाहिन्या सांधतो, आणि ते सुईदोऱ्याचे काम मूलतः कॅरेलच्याच रीतीचे आहे.